‘ब्लेड रनर’ घरी आणताना

‘ब्लेड रनर’ची डिस्क घ्यायची आहे, कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मला मनापासून आनंद होतो. पण उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट सांगावीच लागते. रिडली स्कॉटच्या या चित्रपटाच्या पाच वेगवेगळ्या आवृत्त्या आज घरबसल्या पाहता येतात. कथा तीच, नट तेच, पाऊसही तोच. पण एकीत नायक स्वतःच्या आवाजात सगळं समजावून सांगत राहतो, तर दुसरीत तो गप्प असतो. एकीत शेवटी उजळ आभाळाखाली, डोंगरांमधून गाडी धावते. दुसरीत लिफ्टचं दार बंद होतं आणि पडदा काळा होतो. नको ती आवृत्ती, तीही धुरकट छापाची, आधी पाहिली गेली तर माणूस म्हणतो, ‘एवढं काय आहे यात?’ आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. तुमच्या बाबतीत असं होऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी द्यायला हवी, कारण खरेदीतला निम्मा गोंधळ तिच्यातूनच आला आहे. फिलिप के. डिक यांच्या १९६८ सालच्या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत लागला. स्वतः डिक त्याच वर्षी मार्चमध्ये वारले; पूर्ण चित्रपट त्यांना पाहायला मिळाला नाही. गोष्ट आहे नोव्हेंबर २०१९ मधल्या लॉस एंजेलिसची. माणसासारखेच दिसणारे, पण चारच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेले काही कृत्रिम जीव परग्रहावरच्या वसाहतीतून पळून पृथ्वीवर येतात आणि त्यांना शोधून मारायचं काम डेकार्ड नावाच्या माणसावर येतं. ही भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्डला तोवर लोकांनी ‘स्टार वॉर्स’मध्ये आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये पाहिलं होतं. तसंच काहीतरी वेगवान, मौजेचं मिळेल म्हणून ते थिएटरात गेले आणि समोर आला संथ, उदास, सतत पावसात भिजणारा चित्रपट. दोनच आठवडे आधी ‘ई.टी.’ लागला होता. सगळी गर्दी तिकडे. अमेरिकेतल्या पहिल्या फेरीत ‘ब्लेड रनर’चा खर्चही भरून निघाला नाही.

प्रदर्शनाआधी मार्चमध्ये डेन्व्हर आणि डॅलस इथे निवडक प्रेक्षकांना तो दाखवला होता. लोकांना गोष्ट नीट कळेना आणि शेवट फार निराशेचा वाटला. मग पैसा लावणाऱ्यांच्या आग्रहावरून फोर्डच्या आवाजातलं निवेदन घातलं गेलं आणि सुखाचा शेवट जोडला. त्या शेवटासाठी निसर्गाची हवाई दृश्यं हवी होती. ती स्टॅनली क्युब्रिकने ‘द शायनिंग’साठी चित्रित करून न वापरलेल्या फिल्ममधून दिली. म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांतला निसर्ग दुसऱ्याच चित्रपटाचा आहे, आणि एकदा हे कळलं की तो तसा दिसतोही.

थिएटरातून उतरलेला हा चित्रपट जगला तो व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर. आपल्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे पाहायचे दिवस होते, त्याच काळात तिकडे काही लोक हीच एक कॅसेट पुन्हा पुन्हा लावत होते. त्याला कारण आहे. या चित्रपटाची एकेक चौकट इतकी गच्च भरलेली आहे की पळत्या पडद्यावर ती डोळ्यांत मावत नाही. कॅसेट थांबवता येते, मागे नेता येते. रस्त्यावरच्या गर्दीतल्या छत्र्यांच्या दांड्या दिव्यासारख्या उजळलेल्या आहेत, हे थिएटरात किती जणांनी पाहिलं असेल? सिड मीडने काढलेल्या गाड्या आणि इमारती, डग्लस ट्रंबलच्या चमूने उभी केलेली आग ओकणारी क्षितिजं, जॉर्डन क्रोननवेथने धूर आणि पाऊस यांतून सोडलेले उजेडाचे झोत, हे सगळं लोकांना दिसलं ते घरी. १९८७ मध्ये क्रायटेरियन कंपनीने लेझरडिस्कवर पूर्ण रुंदीची प्रत काढली आणि चाहत्यांची संख्या आणखी वाढली. म्हणून ‘घरी कसला पाहता, हा मोठ्या पडद्याचा सिनेमा आहे’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्या, पण मनाला लावून घेऊ नका. मोठ्या पडद्यावर संधी मिळाली तर जरूर पाहा. तरी या चित्रपटावर प्रेम करायला लोक शिकले ते दिवाणखान्यातच.

आता पाच आवृत्त्या. पहिली ‘वर्कप्रिंट’, म्हणजे डेन्व्हर-डॅलसला दाखवलेली कच्ची जोडणी. दुसरी १९८२ ची अमेरिकी प्रत, निवेदन आणि सुखान्त असलेली. तिसरी त्याच वर्षीची आंतरराष्ट्रीय प्रत. दुसरीसारखीच, फक्त हिंसेचे काही सेकंद जास्त. पूर्वीच्या अमेरिकी कॅसेटवर आणि त्या लेझरडिस्कवर हीच होती. पुढे १९८९ मध्ये वर्कप्रिंटची ७० मिलिमीटरची प्रत एका गोदामात सापडली. १९९० मध्ये ती लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात लागली, पुढच्या वर्षी त्याच शहरात आणि सॅन फ्रान्सिस्कोला लोकांनी रांगा लावल्या. ती गर्दी पाहून स्टुडिओने १९९२ मध्ये चौथी प्रत काढली, ‘डायरेक्टर्स कट’. निवेदन गेलं, सुखान्त गेला आणि एका शिंगाच्या घोड्याचं छोटंसं स्वप्न आत आलं. नावात दिग्दर्शक असला तरी ती घाईत झाली आणि स्कॉटचं तिच्यावर समाधान नव्हतं. शेवटी २००७ मध्ये, चार्ल्स डी लॉझिरिका यांच्या देखरेखीखाली मूळ निगेटिव्ह शोधून, ३५ मिलिमीटरचा भाग ४के आणि इफेक्ट्सचा ६५ मिलिमीटरचा भाग ८के दर्जाने स्कॅन करून ‘फायनल कट’ तयार झाली. या एकाच प्रतीवर स्कॉटचा पूर्ण ताबा होता.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने ‘फायनल कट’च पाहावी. यावर चाहत्यांत वाद होतात, पण माझं मत पक्कं आहे. चित्र सर्वांत स्वच्छ, गोष्ट सर्वांत सुसंगत, आणि डेकार्ड स्वतः माणूस आहे का, या कोड्याचा निकाल तुमच्यावर सोडलेला.

हातात असलेली प्रत कोणती हे डब्यावरून कळत नसेल किंवा एखाद्या ओटीटीवर नुसतं नावच दिसत असेल, तर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत ओळखता येतं. सुरुवातीला डेकार्ड नूडल्सच्या गाड्यासमोर पेपर वाचत पावसात थांबलेला असतो. तिथे त्याचा आवाज गोष्ट सांगू लागला, की ती १९८२ ची प्रत. आवाज नसेल तर पुढे पोलीस कॅप्टन ब्रायंट त्याला पळालेल्या जिवांचा हिशेब देतो तिथे कान द्या. सहा जण होते, त्यातला एक विजेच्या कुंपणात जळाला, असं तो म्हणाला तर ती ‘डायरेक्टर्स कट’. दोन जळाले म्हणाला तर ‘फायनल कट’. चित्रपटात प्रत्यक्षात चौघेच येतात. म्हणजे पंचवीस वर्षं एक जण बेहिशेबी होता, आणि तो सहावा म्हणजे स्वतः डेकार्ड तर नव्हे, असे तर्क लोकांनी त्या एका आकड्यावर लढवले. वर्कप्रिंटमध्येही दोनच जळतात, पण ती ओळखायला तेवढं थांबावं लागत नाही: सुरुवातीच्या माहितीच्या ओळींऐवजी तिथे शब्दकोशातल्यासारखी एक व्याख्या पडद्यावर येते.

काय विकत घ्यावं? घरी ४के टीव्ही आणि त्या डिस्क वाजवणारा प्लेअर असेल तर २०१७ मध्ये आलेली ४के अल्ट्रा एचडी डिस्क. वेगळा प्लेअर नसला तरी मुलांच्या खोलीत डोकावून पाहा: डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स असेल तर काम झालं. प्लेस्टेशन ४ ला मात्र या डिस्क वाचता येत नाहीत. निऑन, काळोख आणि आगीचे लोळ यांनी भरलेल्या या चित्रपटाला एचडीआरचा जेवढा फायदा होतो तेवढा फार थोड्या चित्रपटांना होतो. सुरुवातीलाच काळ्या आभाळात धुरांडी पेटतात आणि ती ज्वाळा एका उघड्या डोळ्यात दिसते. तिथेच फरक कळतो. साधी ब्लू-रेसुद्धा ‘फायनल कट’चीच असते आणि ती उत्तम आहे. टीव्ही बत्तीस-चाळीस इंची असेल तर ४केसाठी जादा पैसे मोजू नका.

सगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर २००७ सालचा पाच डिस्कचा संच शोधा. त्यात पाचही आवृत्त्या आहेत, शिवाय ‘डेंजरस डेज’ नावाचा साडेतीन तासांचा माहितीपट. चित्रपट कसा घडतो यावर घरी बसून पाहण्यासारखं यापेक्षा चांगलं मी फार थोडं पाहिलं आहे. ‘डेंजरस डेज’ हे पटकथेच्या सुरुवातीच्या एका खर्ड्याचं नाव होतं. ४के डब्यात सोबत कोणत्या जादा डिस्क दिल्या आहेत हे देशागणिक बदलतं, तेव्हा पाठीमागची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सूटकेसच्या आकाराचा, खेळण्यातल्या गाडीसकटचा एक संग्राहकांचा संचही त्या वर्षी निघाला होता. तो आता हौसेच्या किमतीला विकला जातो. आत चित्रपट तोच आहे.

जुन्या बाजारात घेताना एका गोष्टीला विशेष जपा. २००७ चा संच तीन प्रकारांत निघाला: डीव्हीडी, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. यातला तिसरा प्रकार पुढच्याच वर्षी बंद पडला आणि त्याच्या डिस्क ब्लू-रे प्लेअरवर चालत नाहीत. त्या सहसा लालसर डब्यात येतात. स्वस्तात मिळतोय म्हणून घेतलात तर तो शोभेचा ठरेल. डीव्हीडीची खालची बाजूही उलटून पाहा: कारखान्यात छापलेली असेल तर ती रुपेरी किंवा सोनेरी दिसते, जांभळट दिसली तर कुणीतरी घरी बर्न केलेली.

परदेशातून मागवताना रीजनचा प्रश्न येतो. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्यात, युरोप आणि जपान दुसऱ्यात. ब्लू-रेसाठी ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि आपण ‘सी’मध्ये. डब्याच्या पाठीवर तुमच्या प्लेअरचं अक्षर आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहायचं. नुसता पुढचा फोटो टाकलेल्या विक्रेत्याकडून मागचा फोटो मागवून घ्यायचा. ४के डिस्कला विभागाचं कुलूप नसतं, हा तिचा आणखी एक फायदा. कस्टम ड्यूटी आणि टपालखर्च धरून किंमत काढा, नाहीतर स्वस्त वाटलेली डिस्क दारात येईपर्यंत दुप्पट होते. प्लेअर जुना घ्यायचा असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरून पाहायला हरकत नाही, मात्र आपली एक डिस्क सोबत न्यावी आणि ट्रे आत-बाहेर होताना अडखळतो का, दुसऱ्या थराला पोचल्यावर चित्र थांबतं का, हे तिथेच उभं राहून तपासावं.

युरोपातली किंवा आपल्याकडची पॅल पद्धतीची डीव्हीडी घेतली आणि ११७ मिनिटांचा चित्रपट ११२ मिनिटांतच संपला, तर कात्री लागली असं समजू नका. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होतो, पॅलमध्ये तो २५ ने धावतो. त्यामुळे चार टक्के वेळ वाचतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. व्हँजेलिसचं संगीत ज्यांच्या कानात बसलं आहे त्यांना ते खटकतं. ब्लू-रेवर ही अडचण येत नाही.

डबा उघडण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. याला पाच मिनिटं लागतात आणि परिणाम नव्या टीव्हीइतका होतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. सोनी तिला मोशनफ्लो म्हणते, एलजी ट्रूमोशन, सॅमसंग ऑटो मोशन प्लस. नावं वेगळी, नुकसान एकच. ती चालू राहिली तर हे कृत्रिम जीव बनवणाऱ्या टायरेलच्या भव्य कचेरीतला तो सोनेरी, धूसर उजेड मालिकेच्या सेटसारखा दिसू लागतो. मग चित्राचा प्रकार ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नॉइज रिडक्शन काढून टाका. पडद्यावर बारीक दाणे हलताना दिसतील. तो फिल्मचा स्वतःचा पोत आहे, तो राहू द्या. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतील, त्याही राहू द्या. हे चित्र उंचीच्या जवळजवळ २.४ पट रुंद आहे. जुन्या कॅसेटवर ते चौकोनी पडद्यात बसवण्यासाठी ४५ टक्क्यांच्या आसपास भाग कापला जायचा. ‘झूम’चं बटण दाबून आपणच पुन्हा तो कापायचा, हे मला बघवत नाही. दिवे मालवा, खिडकीचा पडदा ओढा. टीव्हीच्या पोटातले स्पीकर पुरेसे नसतील तर साधे बरे हेडफोन लावा. पाऊस, जाहिरातींचे दूरचे आवाज आणि यंत्रांची घरघर यांचा सततचा थर हा या चित्रपटाचा अर्धा प्राण आहे.

इंग्रजी सबटायटल्स लावायला संकोच करू नका. मात्र गाफ नावाचा पोलीस जे बोलतो ते कळलं नाही तर मागे जाऊन ऐकत बसू नका. ते जपानी, स्पॅनिश, जर्मन, हंगेरियन अशा अनेक भाषांचं कडबोळं आहे, एडवर्ड जेम्स ऑल्मोस या नटाने स्वतः मेहनत घेऊन जुळवलेलं. पहिल्यांदा पाहताना मध्ये थांबू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिली चाळीस मिनिटं चित्रपटाला त्याच्या चालीने चालू द्या. रात्री जेवणानंतर लावलात तर झोप येण्याचा धोका आहे. त्यापेक्षा रविवारची संध्याकाळ बरी, आणि पावसाळ्यातली असेल तर फारच उत्तम.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा मात्र रिमोट हातात घ्या. थांबण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत. मी एकाच प्रसंगाबद्दल सांगतो. डेकार्ड रात्री घरी बसला आहे. हातात पेला, समोर एस्पर नावाचं यंत्र. पळालेल्यांपैकी लिऑनच्या खोलीत सापडलेला एक फोटो तो यंत्रात सरकवतो आणि तोंडी हुकूम देऊ लागतो: आत जा, थांब, उजवीकडे, मागे ये. पडद्यावर निळसर रेघांची जाळी येते, यंत्र खटखट आवाज करत चित्राच्या आत शिरतं. रिकामी वाटणारी खोली, टेबल, मग भिंतीवरचा गोल आरसा. यंत्र आरशात शिरतं आणि आरशातून दिसतो खोलीचा तो भाग जो फोटोत नाहीच. तिथे एक बाई झोपलेली आहे. शेवटी तिचा छापील कागद यंत्रातून बाहेर येतो. या अख्ख्या प्रसंगात गोळी नाही, धावपळ नाही. एक माणूस घरी बसून एकच चित्र पाहतो आहे. मी दर वेळी इथे डेकार्डबरोबर थांबतो आणि दर वेळी त्या खोलीत आधी न पाहिलेलं काहीतरी सापडतं. घरच्या पडद्यावर हा चित्रपट कसा पाहायचा, हे तो स्वतःच इथे शिकवतो.

‘फायनल कट’नंतर थोडे दिवस जाऊ द्या आणि मग १९८२ ची निवेदनवाली प्रत लावा. तिला हसणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. फोर्डचा तो कंटाळलेला, कोरडा आवाज चाळीसच्या दशकातल्या काळ्या-पांढऱ्या गुप्तहेरपटांची आठवण करून देतो, आणि दहा वर्षं ज्या लोकांनी या चित्रपटाला जिवंत ठेवलं त्यांनी तो याच आवाजासकट ऐकला होता. फक्त क्रम उलटा करू नका. निवेदन एकदा ऐकलं की शांत प्रत पाहतानाही ते कानात वाजत राहतं.

दोन प्रती पाठोपाठ पाहिल्यात तर दुरुस्त्या शोधण्यात फार आनंद आहे. पळालेल्यांपैकीच झोरा काचांमागून काचा फोडत पळते आणि पाठीत गोळ्या खाते, तो प्रसंग घ्या. जुन्या प्रतीत तिथे टोप घातलेली स्टंट करणारी बाई स्पष्ट ओळखू येते. २००७ मध्ये जोआना कॅसिडी पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या धावत्या शरीरावर तिचा स्वतःचा चेहरा बसवला गेला. प्रसंग आता हलवून सोडतो, कारण मरते ती झोरा आहे. कृत्रिम साप विकणाऱ्या अब्दुलशी बोलताना डेकार्डचे ओठ आणि शब्द जुळत नव्हते; तिथे फोर्डच्या मुलाच्या, बेनच्या, तोंडाची हालचाल वापरली. पोलिसांची गाडी रस्त्यावरून वर उचलली जाते तेव्हा तिला धरून ठेवणाऱ्या तारा दिसायच्या, त्या पुसल्या. आणि पळालेल्यांच्या म्होरक्याच्या, रॉय बॅटीच्या, हातून सुटलेलं कबुतर. काळ्या, ओल्या रात्री तो ते सोडतो आणि जुन्या प्रतीत पुढच्याच क्षणी ते कोरड्या, निळ्या आभाळात उडत जातं. आता ते त्याच रात्रीत उडतं. एकच बदल मला पटवून घ्यावा लागला: ‘फायनल कट’च्या रंगांत निळसर-हिरवी छटा जास्त आहे. जुन्या प्रतीतला काही ठिकाणचा ऊबदारपणा गेला, आणि त्यासाठी का होईना, जुनी डिस्क मी जपून ठेवली आहे.

वर्कप्रिंट सगळ्यात शेवटी. चित्र उतरलेलं आहे, शेवटच्या भागात संगीतही तात्पुरतं, दुसरीकडचं. पहिल्या पाहण्याला ती अजिबात लावू नये. ‘डायरेक्टर्स कट’ इतिहास म्हणून एकदा पाहिली तरी पुरे. १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी नावाची गोष्टच नवी होती तेव्हा आलेल्या पहिल्या काही डिस्कमध्ये ती होती. ती जुनी डिस्क आजच्या टीव्हीवर फार फिकी दिसते, कुणी विकत असेल तर घेऊ नका.

डिस्क जपणं आपल्या हवेत थोडं कष्टाचं आहे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकांना वास येतो, तीच ओल पुठ्ठ्याच्या कव्हरांत शिरते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात डिस्क ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदला. डबे पुस्तकासारखे उभे लावा. डिस्क काढताना मधलं बटण अंगठ्याने दाबून मग उचला. कडेला धरून ओढली की ती वाकते आणि डीव्हीडीचे चिकटवलेले दोन थर सैल होतात. पुसायची तर मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. ओरखड्याला टूथपेस्ट लावायचा जुना उपाय ब्लू-रेवर करू नका. तिची माहिती पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते, घासायला जागाच नाही. कुणाकडे जुनी व्हीएचएस असेल आणि खिडकीतून पट्टीवर पांढरे डाग दिसत असतील तर ती बुरशी आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घातलीत तर बुरशी यंत्राला लागते आणि तिथून बाकीच्या कॅसेटना. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा चालू असलेलं यंत्र धोक्यात घालू नये.

घरच्यांना किंवा मित्रांना दाखवणार असाल तर दोन गोष्टी आधी सांगा. यात डोळे फोडून केलेला एक खून आहे, लहान मुलांसमोर लावायचा हा चित्रपट नाही. आणि डेकार्ड नायिकेला, रेचेलला, दार अडवून धरतो तो प्रसंग आजच्या प्रेक्षकाला, विशेषतः मुलींना, खुपतो. त्यांचं खुपणं बरोबर आहे. चित्रपट आवडतो म्हणून त्याची वकिली करायची गरज नाही. त्यावर बोलणं होऊ द्या. एका शिंगाच्या घोड्याबद्दल आणि गाफच्या कागदी घड्यांबद्दल मात्र चकार शब्द काढू नका. तो शोध ज्याचा त्याला लागू द्यावा. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजात दाखवायचा असेल तर विकत घेतलेली डिस्क पुरत नाही, हक्कधारकाची परवानगी लागते. एखादी फिल्म सोसायटी मदतीला घेतली तर ते सोपं जातं.

राहता राहिलं संगीत. १९८२ मध्ये व्हँजेलिसचं मूळ ध्वनिमुद्रण बाजारात आलंच नाही, त्याऐवजी एका वाद्यवृंदाने वाजवलेली तबकडी विकली गेली. मूळ संगीत अधिकृतपणे निघायला १९९४ साल उजाडलं. जुन्या बाजारात तबकडी किंवा सीडी दिसली तर व्हँजेलिसचं नाव वाचून मगच उचला. २००७ मध्ये तीन सीडींचा संच आला: पहिलीत १९९४ चा संग्रह, दुसरीत तोवर बाहेर न आलेले तुकडे, तिसरीत या चित्रपटावरून सुचलेलं नवं संगीत. पैसे बेताचे असतील तर १९९४ ची एकटी पुरेशी आहे. तिच्यात मध्ये मध्ये चित्रपटातले संवादही आहेत, म्हणून ती चित्रपट पाहून झाल्यावर ऐकावी, आधी नको.